बोर्डावरचा एकही शब्द खोटा नव्हता

बारावीला गणित राहिलं तेव्हा मामा म्हणाला, "हाताचं काम शीक, उपाशी मरणार नाहीस." पुण्यात त्या वेळी जिकडेतिकडे पीएनजीच्या, म्हणजे घरोघरी पाइपनं येणाऱ्या गॅसच्या लायनीसाठी रस्ते उकरलेले दिसायचे. वाटलं, हेच शिकावं. स्वारगेटजवळ एका जिन्याशी बोर्ड होता : 'शासन नोंदणीकृत, आयएसओ प्रमाणित. प्लंबिंग व गॅसफिटिंग डिप्लोमा, ३ महिने. नोकरीसाठी १०० टक्के साहाय्य.' मी त्यातलं 'नोकरी १०० टक्के' एवढंच वाचलं. फी ४५ हजार. आईनं बोरमाळ पतसंस्थेत ठेवली.

पहिल्याच दिवशी पिवळं हेल्मेट घालून, हातात पाना देऊन प्रत्येकाचा फोटो काढला. पुढचे तीन महिने ते हेल्मेट काही दिसलं नाही. पोरं बावीस आणि पाइपाच्या टोकाला स्क्रूसारखे आटे पाडायचा डायसेट एक, तोही कपाटात कुलूपबंद. सर महिन्यातून एकदा लोखंडी जीआय पाइपाला आटे पाडून दाखवायचे, आम्ही मोबाइलवर शूटिंग करायचो. बाकी सगळा प्रोजेक्टर. गॅसचा भाग दोन दिवसांत उरकला.

सर्टिफिकेट मात्र झकास. होलोग्राम, क्यूआर कोड, सोनेरी किनार.

ते घेऊन पिंपरीत गॅसलाइनची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे गेलो. तिथल्या सुपरवायझर काकांनी कागद बाजूला ठेवला आणि हातात एक निपल, म्हणजे आटे असलेला पाइपाचा तुकडा, अन् जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप दिली. मी आट्यांच्या उलट्या दिशेनं गुंडाळली. सॉकेटमध्ये फिरवताच टेप गोळा होऊन बाहेर आली. काका हसले नाहीत, ते जास्त लागलं.

मग विचारलं, "सिलिंडरचा गॅस असेल तर हवेची जाळी कुठं ठेवशील? आणि पाइपचा असेल तर?" मी म्हटलं, दोन्हीला वरच. काका म्हणाले, "एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की फरशीवर साचतो, तिथं जाळी खाली लागते. पाइपातला म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हलका, छताकडं जातो. हे ज्याला ठाऊक नाही त्याला मी कुणाच्या स्वयंपाकघरात कसा पाठवू, बाळा?"

क्यूआर कोड त्यांनीच स्कॅन केला. उघडली ती इन्स्टिट्यूटचीच वेबसाइट. म्हणजे ज्यानं सर्टिफिकेट दिलं, तोच त्याला साक्षीदार!

चहा पाजून त्यांनीच बोर्डाचा उलगडा केला. 'शासन नोंदणीकृत' खरंच होतं : शॉप ॲक्टची नोंदणी, जी किराणा दुकानालाही असते. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, ते घेणाऱ्याच्या विद्यार्थ्याला आटे पाडता येतात असं कुठं म्हणतंय? आणि साहाय्य म्हणजे चार ठेकेदारांचे नंबर, ते तर दिलेच होते. प्लंबरचा खरा ट्रेड आयटीआयमध्ये एक वर्षाचा. परीक्षा देशपातळीवरची, सर्टिफिकेट सरकारी पोर्टलवर तपासता येतं. पुढं १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली स्टायपेंड घेऊन काम शिकता येतं. कमी मुदतीचं हवं असेल तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे वर्ग आहेत, त्यांना शिकणाऱ्याकडून फीच घेत नाहीत. हे मी ४५ हजार भरायच्या आधी कुणाला विचारलं नाही, आयटीआयच्या गेटवरच्या शिपायालासुद्धा नाही.

पैसे मागायला गेलो तर मॅडमनी पावती वाचायला लावली. त्यावर 'फी' हा शब्दच नव्हता. 'स्टडी मटेरियल व देणगी' लिहिलेलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केल्यावर ८ हजार परत आले, तेही दोन हप्त्यांत.

सध्या आयटीआयला आहे. इथं सुरुवातीचे कित्येक दिवस नुसती कानस चालवली, तळहाताला फोड आले.

मागच्या महिन्यात चुलतभावानं व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली, "दादा, इथं घेऊ का ॲडमिशन?" वरच्या कोपऱ्यात पिवळ्या हेल्मेटातला फोटो माझाच होता. खाली लिहिलं होतं : 'नामांकित गॅस कंपनीत निवड'.