दहा पौंडांचं गेज आणि काळ्या मातीतला पट्टा

हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एचडी-३५३८१ या क्रमांकाचं एक साधं अवजार आहे. इंजिनाचा जोर मागच्या चाकाला पोचवणारा दातेरी पट्टा किती ताणलेला आहे, ते याने मोजतात. जाडजूड पेनासारखी नळी, आत स्प्रिंग, वर पट्टा बसायला खाच आणि नळीवर सरकणारी काळी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. याच धर्तीची बिनब्रँड गेजं ऑनलाइन मिळतात. सांगली-मिरज भागात स्ट्रीट ७५०, आयर्न ८८३, फोर्टी-एट अशा पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे गेज घ्यावं का, यासाठी हे परीक्षण. हार्लेच्याच एक्स-४४० वाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, त्या गाडीला चेन आहे. अॅथर ४५० या विजेच्या स्कूटरला पट्टा आहे, पण तिथे कंपनीची पद्धत पाळावी, हे गेज लावून अंदाज बांधू नये.

निकाल आधीच सांगतो. गेज घ्या, पण त्याच्यावर छापलेल्या आकड्यावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवू नका. मागचं चाक सरळ रेषेत बसलंय का ते पाहणारं लेझर अलाइनमेंटचं यंत्र घेऊ नका. त्याचं काम सायकलच्या स्पोकने होतं.

गेजचं काम एवढंच की तुम्ही पट्ट्यावर नेमका १० पौंडांचा, म्हणजे ४.५ किलोचा, जोर लावताय हे कळावं. ओ-रिंग शून्यावर आणायची, खाच खालच्या पट्ट्याला मधोमध टेकवायची आणि बूड वर ढकलायचं. ओ-रिंग दहावर आली की हात स्थिर धरायचा आणि पट्टा किती मिलिमीटर वर गेला ते, म्हणजे त्याचा झोल, मोजायचा. स्पोर्टस्टर घराण्यातल्या गाड्यांच्या (आयर्न ८८३, फोर्टी-एट) पट्ट्याखालच्या गार्डला यासाठी खिडकी आणि खुणा आहेत. खिडकी नसेल तिथे स्टीलची पट्टी गाडीला चिकटपट्टीने लावा. ती हातात धरून मोजलं तर हमखास दोनेक मिलिमीटर चुकतात, कारण एक हात गेज ढकलत असतो आणि दुसरा नकळत त्याच्याबरोबर सरकतो.

आता स्वस्त गेजची अडचण. स्प्रिंग जरा कडक निघाली आणि दहाच्या खुणेला प्रत्यक्षात १२ पौंड लागले, तर खरा १२ मिमीचा झोल १४ च्या वर दिसतो. मॅन्युअलमधल्या किमान आणि कमाल झोलात मुळात एक-दोन मिलिमीटरचाच फरक असतो, म्हणजे सगळा हिशेब तिथेच बुडाला. तुम्ही पट्टा ढिला आहे समजून ओढणार आणि तो जास्त टाइट होणार. तपासायला स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो. गेज काट्यावर उभं धरा, काटा शून्य करा, मग ओ-रिंग दहावर येईपर्यंत दाबा. काट्यावर ४.५० ते ४.६० किलो आलं तर गेज बरोबर. नाही आलं तर ४.५४ किलोला ओ-रिंग जिथे येते तिथे मार्करने बारीक रेघ मारा, यापुढे तीच तुमची दहाची खूण. ओ-रिंग सैल होऊन आपोआप घसरायला लागली तर हार्डवेअरच्या दुकानातली त्याच मापाची दुसरी टाका. खाच पट्ट्याच्या रुंदीपेक्षा अरुंद असेल तर ते गेज परत करा. कडेने टेकलं की पट्टा पिळतो आणि माप निरर्थक होतं.

गेजऐवजी सामान मोजायचा लटकता काटा वापरता येतो, आणि तो कितीतरी स्वस्त पडतो. रुंद कापडी पट्टी पट्ट्यावरून घालून काटा खाली ४.५ किलोपर्यंत ओढायचा. डिजिटल काटे आकडा गोठवतात, त्यामुळे ओढताना किती जोर आहे ते कळत नाही. जुना स्प्रिंगचा, सुईवाला काटा यासाठी बरा. लोखंडी हुक थेट पट्ट्यात अडकवू नका, दाताची कड दुखावते. एकूण चालतं, पण तीन हात असल्याशिवाय वैताग आहे.

तिसरा मार्ग आवाजाचा: पट्टा बोटाने छेडायचा आणि फोनच्या ॲपने कंपनसंख्या मोजायची. गेट्स कंपनीने आपल्या कार्बन ड्राइव्ह सायकलींसाठी असं ॲप काढलं आहे. मिरजेत तंबोऱ्याची तार कानाने लावणारी घराणी आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही, नियम तोच. पण तारेचा ताण १० टक्क्यांनी वाढला तर कंपनसंख्या जेमतेम ५ टक्क्यांनी वाढते. शिवाय मोटरसायकलचा पट्टा जाड आणि जड, त्याचा स्वर खर्जातला, तिथे फोनचा माइक कच्चा पडतो. आणि मॅन्युअलमधला आकडा मिलिमीटरमध्ये असतो, हर्ट्झमध्ये नाही. गेजने ताण बरोबर लावल्यावर एकदा छेडून तो आकडा लिहून ठेवला, तर महिन्याभराने तुलनेला उपयोगी पडतो. त्यापलीकडे गंमत.

मोजताना चुका कुठे होतात, ते गेजच्या माहितीपत्रकात नसतं. सर्वात मोठी चूक हाताच्या अंदाजाची. आपल्याकडच्या बहुतेक मेकॅनिकचा हात चेनवर बसलेला, चेनला २०-३० मिमी ढील ठेवायची सवय. त्या सवयीने पट्टा सोडला तर गाडी जोरात उचलताना पट्ट्याचे दात पुलीवरून, म्हणजे पट्टा ज्या खाचांच्या चाकावर चालतो त्यावरून, उडी मारतात. आणि 'पट्टा म्हणजे गिरणीच्या पट्ट्यासारखा ताणायचा' या समजुतीने ओढला तर मागच्या चाकाचे आणि गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचे बेअरिंग जातात. पट्टा बदलणं त्यापुढे स्वस्त वाटेल.

दुसरी चूक गाडी कशी उभी आहे याची. काही मॉडेलना आकडा साइड स्टँडवर, सामान आणि स्वार नसताना दिलेला असतो, काहींना चाक हवेत असताना. मागचं चाक धरणारा स्विंग आर्म ज्या खिळ्यावर वर-खाली फिरतो तो खिळा आणि पुढची पुली एकाच केंद्रावर नसतात, त्यामुळे चाक वर-खाली झालं की दोन पुलींमधलं अंतर बदलतं आणि ताणही बदलतो. साइड स्टँडचा आकडा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) लावला की उत्तर चुकलंच. एकाच घराण्यातल्या बुटक्या आणि साध्या सस्पेन्शनच्या गाड्यांना आकडे वेगळे असतात, म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका, आपल्या मॅन्युअलमधला पाहा.

तिसरी, वेळ. कोल्हापूरहून गाडी आल्या आल्या मोजू नका. गरम पुल्या फुगलेल्या असतात, पट्टा आहे त्यापेक्षा टाइट दिसतो. एप्रिल-मेच्या सांगलीत तर सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधीच मोजणं बरं.

आणि चौथी, जागा. चाक पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी मोजा. चारही सारखे कधीच येत नाहीत. ॲडजस्टमेंट सर्वात टाइट जागेवर करायची, सरासरीवर नाही. फरक फार मोठा आला तर पट्ट्याला हात लावण्याआधी पुली पाहा. इथे आपल्या भागाची खास अडचण येते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातली काळी माती डांबरी रस्त्यावर आणून सोडतात, वर पाण्याचा टँकर गेला की तिचा चिखल. तो पुलीच्या खाचांत बसतो, वाळला की विटेसारखा होतो आणि पट्टा तिथे खाचेत पूर्ण उतरत नाही. तेवढ्याच जागेवर पट्टा टाइट. तिथे माप घेऊन पट्टा ढिला केलात आणि आठवड्याने माती गळून पडली, की उरलेला सगळा फेरा ढिला! साबणाचं पाणी, जुना दात घासायचा ब्रश आणि लाकडी काडी घेऊन आधी खाचा साफ करा. वॉशिंग सेंटरवाल्याला बजावून ठेवा की गाडी धुतल्यावर डिझेलचा फवारा पट्ट्यावर नको. पट्ट्याला तेल, ग्रीस, चेन-स्प्रे काहीही लागत नाही, लावलं तर धूळ धरतं. पट्टा किंवा पुली हाताळताना इंजिन बंदच हवं, चाक हातानेच फिरवायचं. पुली आणि पट्ट्याच्या मध्ये बोट गेलं तर ते सोडत नाही.

ॲडजस्टमेंटचं काम तसं छोटं. कॉटर पिन किंवा लॉक क्लिप काढा, ॲक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाचा, नट फक्त इतकाच सैल करा की ॲक्सल सरकेल. मागे दोन्ही बाजूंना ॲडजस्टर असतील तर दोन्ही सारखेच फिरवा, एका वेळी नटचा एक पैलू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग. आट्यांचा पिच १.२५ मिमी असेल तर एका पैलूने ॲक्सल ०.२ मिमी सरकतो. पट्ट्याला एवढं पुष्कळ आहे. पट्टा सैल करायचा असेल तर ॲडजस्टर मागे घेऊन थांबू नका, चाक पुढे ढकलून ॲक्सल ॲडजस्टरला टेकला आहे ना ते बघा. नाहीतर नट आवळताना तो आपल्या मनाने सरकतो. चेनवर करतात तसं पट्टा आणि पुलीच्या मध्ये फडका किंवा पेचकस घालून ताणायचं नाही. पट्ट्याच्या आतले धागे तुटले तर बाहेरून काही दिसत नाही, तो नंतर रस्त्यात तुटतो.

अलाइनमेंटसाठी स्विंग आर्मवरच्या खुणांवर विसंबू नका. हार्लेचं मॅन्युअलच वेल्डिंगच्या तारेचं घरगुती माप बनवायला सांगतं: तारेचं टोक काटकोनात वाकवून टोकदार करायचं, तारेवर एक ग्रोमेट, म्हणजे भोकाची रबरी चकती, घट्ट बसवायची. स्विंग आर्मच्या खिळ्याच्या केंद्रात टोक, ॲक्सलच्या केंद्राशी ग्रोमेट. आता तेच माप दुसऱ्या बाजूला लावा. फरक ०.८ मिमीच्या आत हवा. सायकलचा जाड स्पोक चालतो, लांबी पुरेशी असली म्हणजे झालं. लेझरच्या यंत्राला पुलीवर पकडायला साफ सपाट कड लागते आणि त्यासाठी गार्ड उतरवावा लागतो. खर्च करून मेहनतही वाढवायची, यात काय शहाणपण!

माप जुळल्यावर चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा. पट्टा एका कडेला किंचित झुकून चालला तरी बिघडत नाही. पुलीची कड चकाकलेली दिसली, पट्ट्याच्या कडेला धागे सुटले किंवा सतत चिवचिवाट ऐकू आला, तर मात्र अलाइनमेंट पुन्हा बघा. कोरड्या दिवसांत फक्त धुळीनेही आवाज येतो, तो साबणाच्या पाण्याने गेला तर पान्याला हात लावू नका.

ॲक्सल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या पिळाच्या जोराला, आवळा आणि त्यानंतर गेज पुन्हा लावा. हे पुन्हा लावणं निम्मे लोक विसरतात. नट आवळताना ॲक्सल खेचला जातो आणि आधी बरोबर आलेला झोल थोडा कमी होतो. नवी कॉटर पिन टाका, जुनी वाकवून परत वापरू नका. ब्रेकचं पायडल दोन-तीनदा दाबून पाहा, मगच गाडी रस्त्यावर न्या.

गेज हातात आहे तोवर पट्ट्यावर नजर फिरवा. मधोमध खडी घुसून पडलेलं भोक असेल तर लक्ष ठेवून चालवता येतं. भोक कडेजवळ असेल, दात गेलेले असतील किंवा कडेचे धागे उघडे पडले असतील तर पट्टा बदला. नवा पट्टा घरी आणताना ७५ मिमीपेक्षा लहान वेटोळं करू नका, डिकीत कोंबून आणला तर बसवण्याआधीच त्याचं आयुष्य गेलं.