कसबा पेठेतले तबलादुरुस्तीचे दुकान आणि त्यातली वही

गेल्या वर्षी बँकेतल्या बदलीमुळे मिरज सोडून पिंपरीच्या संत तुकारामनगरात राहायला आलो, तेव्हा सामानात तबल्याची जोडी होती आणि ओळखीत गाणारे एकही माणूस नव्हते. पुण्यात कोणाची संगत मिळत नाही असे फोनवर सांगितल्यावर मिरजेचे मित्र हसले, आणि त्यांचे हसणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण जिथे १९५३ पासून गायक सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव भरतो त्या गावात गाण्याचा दुष्काळ आहे हे कोणाला पटेल? पण डिसेंबरच्या थंडीत मुकुंदनगरच्या मांडवात भेटतात ते ऐकणारे. शेजारी शाल पांघरून बसलेल्या गृहस्थांना "आपण गाता का, आणि कोणत्या सुरात" असे विचारण्याची तिथे सोय नसते. ज्या दुकानाविषयी हे लिहितो आहे, तिथे मात्र नेमका हाच प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो.

खरे तर मिरजेत वाढलेल्या माणसाला वाद्यांच्या दुकानाचे अप्रूप वाटत नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही रांगेने मांडलेल्या भोपळ्यांमधून वाट काढत शाळेत जात होतो, आणि जवारी लावत (तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासत) बसलेला कारागीर मान वर न करता घरची ख्यालीखुशाली विचारत असे. दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीतसभा होते आणि तिथे हजेरी लावायला कुठकुठले कलावंत येतात. (सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य, त्यामुळे मिरज आणि पुणे यांच्यातली ही वाट तशी जुनीच आहे.) अशा गावात कोण कोणत्या सुरात गाते, कोणाची लय चढते, कोणाला झुमऱ्यासारखा संथ ताल झेपत नाही, हे सगळे सगळ्यांना ठाऊक असते आणि संगत शोधणे हे वेगळे काम म्हणून कधी करावेच लागत नाही. ते काम काय असते हे मला पिंपरीत आल्यावर कळले.

पहिले काही महिने मी मोबाईलमधल्या लेहऱ्यावर, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, काढले. लेहरा वाजवणारे यंत्र लयीला पक्के असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी तिहाई (तीनदा एकच बोल घेऊन समेवर येणे) अर्ध्या मात्रेने चुकलो तरी ते तितक्याच प्रसन्नपणे पुढे जाते, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर समोरून मान हलत नाही याची माणसाला हळूहळू सवय होऊ लागते, जी मला फारशी बरी वाटली नाही. मग पैसे भरून सभासद होता येणाऱ्या, वादकांची गाठ घालून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेवर नाव नोंदवले. तिथे वाद्य विचारतात, वय विचारतात, घरापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये विचारतात, पण सूर विचारत नाहीत. त्या सेवेने मला तीन महिन्यांत दोन ड्रमवादक आणि एक युकुलेलेवाला सुचवला. तिघेही सज्जन होते. आमच्या सोसायटीच्या गणपती मंडळाने तर "तुम्ही आरतीला वाजवाच" म्हणून प्रश्नच मिटवून टाकला होता.

दुकानात गेलो तो तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, बदलायला. कसबा पेठ मेट्रो स्थानकातून बाहेर पडल्यावर पायी सात-आठ मिनिटांवर, तांबट आळीतले ठोके कानावर येतील इतक्या अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. पुढचा भाग जेमतेम दोन माणसे बसतील एवढा, भिंतीला तबला आवळायच्या चामडी वाद्यांची भेंडोळी टांगलेली, खाली शिसमाची खोडे आणि तांब्यापितळेचे डग्गे एकात एक घालून ठेवलेले, आणि मधोमध साठीचे मालक पायात तबला धरून बसलेले. दुकानाचे नाव त्यांनी लिहू नका म्हणून सांगितले आहे. त्याचे कारण पुढे येते.

माझा तबला त्यांनी हातात घेतला, वाजवला नाही. उजेडाकडे तिरपा धरून नुसता फिरवून पाहिला आणि म्हणाले, "तुम्ही साथीचे. एकलवादन नाही करत."

"कशावरून?"

"कडेची ही चाट बघा किती काळवंडलीय, चाट आणि शाईमधलं मैदान गुळगुळीत झालंय. मधला काळा गोल, शाई, मात्र नवी असल्यासारखी. रेल्यासारखे जलद बोल घासणाऱ्याच्या शाईला आतापर्यंत भेगा पडल्या असत्या. तुम्ही ठेका धरून बसणारे." मग डग्गा फिरवून मनगटाच्या घासाने पडलेल्या डागावर अंगठा ठेवून म्हणाले, "पण डावा बोलता आहे. कुणाबरोबर वाजवता?"

"सध्या मोबाईलबरोबर," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मागच्या फळीवरून त्यांनी लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारीला वापरतात तशी लांबट वही काढली.

ही वही म्हणजे या दुकानाचा खरा माल आहे, असे माझे आता मत झाले आहे. तिच्यात दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांची नोंद आहे, पण ती नाव आणि रक्कम एवढ्यावर थांबत नाही. गायकाच्या किंवा वादकाच्या नावापुढे सूर लिहिलेला असतो, त्यापुढे मोकळा वार, राहण्याचा भाग, आणि शेवटी एखाददुसरा शब्द, जो मालकांनी वाद्य पाहून स्वतःच्या मनाने टाकलेला असतो: 'भजनी', 'ठुमरी', 'शिकतोय', 'घाई'. पेटी दुरुस्तीला आली की ते आधी पट्ट्यांची झिलई पाहतात. ज्या पट्ट्यांचा रंग बोटांनी उडाला आहे तिथून त्या घरातला सूर कोणता हे कळते, आणि खर्जातल्या पट्ट्यांवर धूळ असेल तर पेटी गायनाच्या साथीपेक्षा भावगीतांसाठी अधिक वापरली जाते असा त्यांचा अदमास असतो. तो किती वेळा बरोबर येतो हे मला सांगता येणार नाही. माझ्याबाबतीत मात्र तो बिनचूक होता, आणि ज्या सेवेला मी पैसे भरले होते तिच्या प्रश्नावलीत यातले काहीच नव्हते.

नंबर ते लगेच देत नाहीत. आधी समोरच्याला फोन करून "मिरजेचे एक साथीदार आलेत, देऊ का तुमचा नंबर" असे विचारतात आणि होकार आला तरच चिठ्ठीवर लिहून देतात. यासाठी पैसे घेत नाहीत. नाव छापू नका म्हणण्याचे कारणही हेच: नुसते नंबर मागायला लोक येऊ लागले तर वहीतल्या माणसांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असे ते म्हणतात.

आता वहीच्या या सेवेतली उणी बाजू. वही कोणी अद्ययावत ठेवत नाही. मला मिळालेल्या चार चिठ्ठ्यांपैकी पहिले गृहस्थ नोकरीनिमित्त परदेशी गेले होते आणि फोन त्यांच्या आईंनी घेतला. दुसरे भजनी मंडळाचे निघाले. माणसे प्रेमळ, पण त्यांना हवा होता पखवाजी. तिसऱ्यांनी दोनदा रविवार ठरवला आणि दोन्ही रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले. चौथी चिठ्ठी टपालखात्यातून निवृत्त झालेल्या एका पेटीवादकांची होती, आणि त्यांच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी गायला येणाऱ्या एक शिक्षिका होत्या. चारांत एक हे प्रमाण कमी वाटेल, पण ऑनलाइन सेवेच्या शून्यापेक्षा ते निश्चितच बरे.

अडचण सुराची होती. बाई काळी चारमध्ये (म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गातात आणि माझा तबला काळी एकच्या सुराचा. तो काळी चारपर्यंत नेणे शक्य नव्हते. मी निराश होऊन दुकानात गेलो तेव्हा मालकांनी जे सांगितले ते खरे तर मला स्वतःला सुचायला हवे होते. काळी चारला षड्ज ('सा') मानले तर काळी एक हा मध्यम ('म') होतो, म्हणून तबला आहे तिथेच ठेवून मध्यमात वाजवता येईल. "मालकंस, बागेश्री बिनधास्त गाऊ द्या त्यांना," ते म्हणाले, "यमन काढला की मात्र हात आवरा. तिथं लागतो तीव्र मध्यम; शुद्ध मध्यम सारखा कानात वाजत राहिला तर बाई उठून जातील." पंचम ('प') हवा असेल तर काळी दोनपर्यंत चढवावे लागेल, नवी पुडी तेवढा ताण सोसेल, पण आधी थोडे दिवस तिला मुरू द्या, असेही त्यांनी बजावले.

मी मुरू दिली नाही. दुसऱ्याच गुरुवारी बाईंनी पूरिया कल्याणला सुरुवात केली, मी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकत तबला काळी दोनकडे नेत होतो, आणि चाट गजऱ्यापाशी (काठाच्या चामडी वेणीपाशी) 'फट्' असा आवाज करून उकलली. त्या संध्याकाळी मी मांडीवर ताल धरून बसलो. शनिवारी पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा मालकांनी पुडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता नव्या पुडीचे १,२०० रुपये सांगितले. पहिली चढवून फार दिवस झाले नव्हते; थोडी सूट देतील असे वाटले होते, ती दिली नाही. चूक माझी होती हे मान्य, तरी गिऱ्हाइकाच्या मनात असे हिशेब राहतात.

दुरुस्तीच्या दर्जाबद्दल मिरजेच्या मापाने बोलायचे तर काम चांगले आहे, अप्रतिम नाही. शाई एकसारखी बसलेली असते आणि 'ना' स्वच्छ निघतो. दुसऱ्या पुडीच्या एका अंगाला चाट किंचित जाड राहिल्याने दोन घरांत (कडेच्या भागांत) सूर दबका येत होता, तो मी पुडी परत नेल्यावर त्यांनी विनामूल्य ठीक करून दिला. वेळेचे मात्र नाव काढू नये. श्रावणात डग्गा टाकला तो आठ दिवसांच्या बोलीवर, आणि हातात आला तेविसाव्या दिवशी, कारण त्या काळात ढोलपथकांची पाने आणि भजनी मंडळांची वाद्ये यांची रांग लागलेली असते आणि गणपती कोणासाठी थांबत नाहीत. फोन केला तर "झालंच आहे" असे उत्तर मिळते. याचा अर्थ अजून हातही लागलेला नाही, हे मला तिसऱ्या फोननंतर समजले. शक्य असेल तर गणपतीच्या आधीचे दोन महिने या दुकानाकडे दुरुस्तीसाठी फिरकू नये.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, ती तासाला १५० रुपयांनी सरावाला मिळते. पेटीवादकांच्या घरी पाहुणे असले की आम्ही तिथे बसतो. सतरंजी, एक जुनी पेटी आणि भिंतीतला कोनाडा एवढाच सरंजाम. पेटीचा भाता हवा सोडतो, पण आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्या, गुजरातेतल्या पालिताण्याचे आणि नीट लावलेले आहेत. पंखा चालू ठेवला तर तंबोरा ऐकू येत नाही आणि बंद केला तर एप्रिलमध्ये बसवत नाही. रात्री नऊला वरच्या मजल्यावरून काठी आपटली जाते, तेव्हा द्रुत जिथे असेल तिथे आवरावी लागते. संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास मात्र तांबट आळीतले ठोके थांबत आलेले असतात आणि तासभर ती खोली विलक्षण शांत असते. पहिल्यांदा तिथे बसलो तेव्हा बागेश्रीच्या विलंबितात बाई एका आवर्तनात समेच्या जरा मागे रेंगाळल्या, पेटीवादक काकांनी मध्यम धरून ठेवला, मी 'धा' अलगद उशिरा टाकला, आणि तिघांच्याही माना एकदम खाली आल्या. १५० रुपयांत याहून अधिक काही मागणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांना गिटार, कीबोर्ड किंवा बँडसाठी माणसे हवी आहेत त्यांना या दुकानाचा उपयोग होणार नाही. मालकांना ती मंडळी ठाऊक नाहीत आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही दिसत नाही. एका तरुणाने काखोन या खोक्यासारख्या तालवाद्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी "ते खोकं ना" म्हणून विषय संपवला, हे मला आवडले नाही. कर्नाटक संगीतवाल्यांची दोन-तीनच नावे वहीत आहेत. नवीन तबला विकण्याचा आग्रहही जरा जास्तच होतो. काळी चारचा तबला घ्या असे ते मला दर भेटीत सुचवतात, आणि ते विक्रीसाठी सांगतात की यमनासाठी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. चारचाकी या गल्लीत आणू नये. पिंपरीकडून येणाऱ्यांना मेट्रो सोयीची आहे. फक्त डग्ग्याची पिशवी मांडीवर घ्यावी, कारण खाली ठेवली की ती हमखास कोणाच्या तरी पायात येते.

जाणार असाल तर दुपारी चारनंतर जावे, त्याआधी मालक जेवून लवंडलेले असतात. आणि वाद्य बरोबर न्यावे, मग ते दुरुस्तीला द्यायचे असो वा नसो. हात हलवत आलेल्या माणसाचे नाव ते वहीत घेत नाहीत.