पाचपाखाडीतील वाचनपूर्व चाचणी: आमचा अनुभव

ठाण्याच्या पाचपाखाडीतील एका बालवाडीत आमच्या साडेचार वर्षांच्या लेकीची वाचनपूर्व कौशल्ये पाऊण तासात तपासण्यात आली. पुस्तक मुद्दाम उलटे हाती दिल्यावर ती ते सरळ करते का, ‘बटाटा’ म्हणताना टाळ्या किती वाजवते आणि ‘पान’ व ‘पाणी’ यांचा पहिला आवाज सारखा आहे हे तिला नुसते ऐकून उमगते का, हे बाईंनी खेळता खेळता पाहिले, ते मनापासून आवडले. अहवालाने मात्र निराशा केली. घरी मराठीच बोलणाऱ्या मुलीला यमके इंग्रजीतून विचारून ‘कच्ची’ असा शेरा मारला होता! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे, हे दाखवल्यावर त्यांनी मराठीतून विनामूल्य फेरतपासणी केली.