टोटल लॉसचा क्लेम आणि सॅल्व्हेजच्या नावाखाली बुडालेले 63,000 रुपये

गेल्या पावसाळ्यात माझ्या नऊ वर्षे जुन्या, उभ्या असलेल्या गाडीवर झाड कोसळले. टप आणि दोन्ही बाजूंचे पिलर चेपले गेले, इंजिन मात्र शाबूत राहिले. झाड पडले त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर विम्याच्या कागदपत्रांतून मला ज्या पद्धतीने लुबाडण्यात आले, त्याचा संताप अजून शमलेला नाही. प्रकरण विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, असल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही. ज्यांची जुनी गाडी आज एखाद्या वर्कशॉपमध्ये चेपलेल्या अवस्थेत उभी आहे, त्यांनी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी हे वाचावे.

माझ्या पॉलिसीत आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 3,20,000 रुपये होती. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची आयडीव्ही ठरावीक तक्त्याने नव्हे, तर कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी मी जास्तीचा हप्ता भरून ती टिकवली होती. वर्कशॉपने 2,86,450 रुपयांचे एस्टिमेट दिले. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरतात, आणि येथे तो सरळसरळ जास्त होता. दुरुस्तीचा आग्रह धरूनही उपयोग नव्हता, कारण पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के आणि प्लास्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा भरपाईतून कापला जातो. टोटल लॉस स्वीकारण्याचा निर्णय योग्यच होता, आणि आजही मी तोच घेईन.

त्यानंतर नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’, म्हणजे चेपलेल्या गाडीची (सॅल्व्हेजची) किंमत वजा करून भरपाई देण्याची, पद्धत पुढे केली. चेपलेली गाडी कंपनी घेणार नाही. तिच्यासाठी ऑनलाइन लिलावात आलेली सर्वांत मोठी बोली आयडीव्हीमधून वजा होईल, उरलेली रक्कम कंपनी देईल आणि बोलीची रक्कम बोली लावणारा थेट मला देईल, असे त्याने समजावले. बोली 1,35,000 रुपयांची होती. म्हणजे 3,20,000 मधून 1,35,000 आणि ग्राहकाने स्वतः सोसायचे सक्तीचे 1,000 रुपये वजा जाता कंपनीकडून 1,84,000 रुपये मिळणार होते. कागदावर हिशेब चोख होता, आणि इंजिन-गिअरबॉक्स चांगले असल्याने बोलीही अवास्तव वाटत नव्हती.

ज्या क्षणी सगळे उघड दिसत होते, तो क्षण मला आजही छळतो. संमतिपत्रावर माझी सही होण्यापूर्वीच, त्याच संध्याकाळी, बोली लावणाऱ्याच्या माणसाचा मला फोन आला. त्याला माझे नाव ठाऊक होते, गाडी कोणत्या वर्कशॉपमध्ये आहे ते ठाऊक होते, एवढेच नव्हे तर आयडीव्हीचा आकडाही त्याने अचूक सांगितला. ही माहिती माझ्याकडे, कंपनीकडे आणि सर्व्हेअरकडे होती. त्याला ती कोणी दिली? मी सर्व्हेअरला तसे स्पष्ट विचारले, तेव्हा ‘मॅडम, पार्टी पक्की आहे, काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले. परवानाधारक सर्व्हेअरच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, तर सामान्य ग्राहकाने कोणाच्या शब्दावर ठेवायचा? बोलीच्या कागदाचा जो फोटो सर्व्हेअरने व्हॉट्सअॅपवर पाठवला, त्याची खालची कड कापलेली होती. बोलीची मुदत त्या कापलेल्या ओळीत होती, हे मला पुढे मूळ कागद हातात आल्यावर कळले. बोलीचा संपूर्ण कागद ईमेलवर मागवा. फोटो स्वीकारू नका.

कंपनीने पैसे देण्यात वेळ काढला. कधी जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, कधी रद्द केलेला चेक, कधी तोच फॉर्म पुन्हा. 1,84,000 रुपये खात्यात आले तेव्हा बोलीची मुदत उलटून गेली होती. जो माणूस आधी रोज फोन करीत होता, तोच आता म्हणू लागला की तो भाव संपला, आता 60,000 मिळतील. मी गाडी पाहायला गेले तर बॅटरी, म्युझिक सिस्टिम आणि दोन्ही हेडलाइट गायब होते. वायरी कापलेल्या होत्या, उपटलेल्या नव्हत्या. वर्कशॉपने हात वर केले आणि पार्किंगचे 11,400 रुपये मागितले. रोज भाडे चढत असताना दुसरे गिऱ्हाईक शोधणे शक्य नव्हते. अखेर 72,000 रुपयांवर व्यवहार झाला. कंपनीने 1,35,000 वजा केले, माझ्या हाती 72,000 आले; 63,000 रुपये तेथे आणि 11,400 पार्किंगचे, असे एकूण 74,400 रुपये गेले. गाडी वर्कशॉपमध्ये सोडताना प्रत्येक भागाचे तारखेसह फोटो काढा आणि सामानाच्या यादीवर त्यांची सही घ्या.

कंपनीच्या तक्रार विभागाने कळवले की सॅल्व्हेजचा व्यवहार ग्राहक आणि खरेदीदार यांच्यातला आहे. ज्या बोलीचा आधार घेऊन कंपनीने स्वतःचे 1,35,000 रुपये वाचवले, त्या बोलीशी कंपनीचा संबंध नाही, हे कोणत्या न्यायात बसते? पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगून साधा अर्जही आधी घेतला नाही. पोच मिळवण्यासाठी वरिष्ठांना लेखी पत्र द्यावे लागले. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली, तर कंपनी सर्व्हेअरकडे बोट दाखवते आणि सर्व्हेअर कंपनीकडे. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवली, तेव्हा ती त्याच कंपनीकडे गेली आणि तिने तेच उत्तर चिकटवून ती बंद केली. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हाती ती सोपवणाऱ्या या यंत्रणेला ग्राहकाचे संरक्षण म्हणण्याची माझी तयारी नाही.

त्याहून भयंकर गोष्ट पुढे घडली. गाडी नेताना खरेदीदाराने गाडीची मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर माझ्या सह्या घेतल्या, ‘आठवड्यात नावावर करतो’ म्हणाला, आणि त्यानंतर माझ्या मोबाइलवर वेगमर्यादा ओलांडल्याची प्रत्येकी 2,000 रुपयांची दोन ई-चलने आली. चलनावरील फोटोत नंबर माझा आहे, रंग माझ्या गाडीचा आहे, पण टप सरळ आहे आणि मागच्या दरवाजावर कित्येक वर्षे असलेला खोल ओरखडा तेथे नाही. टोटल लॉस गाडीची कागदपत्रे चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार जगजाहीर आहेत; माझ्या नंबरवर नेमकी कोणती गाडी फिरते आहे, हे तपासायला मात्र कोणी तयार नाही. आरटीओमधील उत्तर असे की नोंदीत मालक अजून तुम्हीच आहात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर असेल, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. उद्या त्या गाडीखाली कोणी सापडले तर नोटीस माझ्या दारात येईल.

म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि तारीख-वेळेसह डिलिव्हरी नोट घ्या. गाडी पुन्हा रस्त्यावर येण्याजोगी नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार 14 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवा आणि नोंदणी रद्द करून घ्या. कंपनीकडे आधी लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जा. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुणे येथे कार्यालये आहेत.

आणि ज्यांच्या हातात आत्ता संमतिपत्र आहे, त्यांनी सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहावे: ‘सॅल्व्हेजची रक्कम बोलीप्रमाणे पूर्ण माझ्या खात्यात जमा झाली तरच ही संमती ग्राह्य धरावी, अन्यथा गाडी कंपनीने ताब्यात घेऊन वजा केलेली रक्कम मला द्यावी.’ सर्व्हेअरने असे लिहू दिले नाही, तर त्याचा नकार ईमेलवर मागा आणि तोपर्यंत पेन खाली ठेवा.