मूळ ढकलतं की पान ओढतं?

झाडात पाणी जलवाहिन्यांतून वर चढतं. त्यामागची दोन बलं, मूलीय दाब आणि बाष्पोच्छ्वासाची (पानांतून वाफ बाहेर पडल्याने बसणारी) ओढ, एकाच दमात सांगितली जातात, म्हणून तोलामोलाची वाटतात. तशी ती नाहीत.

मूलीय दाब समजायला सोपा. मुळांच्या पेशी मातीतले क्षार आत घेतात, मागोमाग परासरणाने (जिथे क्षार जास्त तिकडे पेशीच्या पटलातून) पाणी येतं आणि खालून रेटा बसतो. छाटलेल्या द्राक्षवेलीतून टपकणारं पाणी, पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी जमणारा थेंब (तो दव नव्हे!) ही त्याचीच खूण. पण हा दाब सहसा हवेच्या दाबाच्या एक-दोन पटच, म्हणजे पाणी फार तर 10-20 मीटर चढेल. शिवाय तो जाणवतो रात्री, दमट हवेत. भर दुपारी, खरी गरज असते तेव्हा, तो जवळपास नसतोच.

ओढ नेमकी तेव्हाच कामाला येते. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडली की पानातलं पाणी ताणलं जातं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने मुळापर्यंतचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हे मांडलं. कॅलिफोर्नियातल्या 115 मीटरहून उंच रेडवुडच्या शेंड्याला पाणी पोचतं ते याच बळावर, आणि ऊर्जा खर्च होते सूर्याची! मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

कोरड्या दिवसांत मात्र ताण फार वाढून स्तंभात हवेचे बुडबुडे शिरतात, तो तुटतो. द्राक्षवेलीत नवी पालवी फुटण्याआधी अशा रिकाम्या वाहिन्या पुन्हा भरतो तो मूलीय दाबच.