डॅनिश भूतकाळ: आठ महिने रोज वापरल्यानंतर

आम्ही डेन्मार्कमध्ये ऑरहूसला राहतो. लेक पाळणाघरात जायला लागली आणि डॅनिश भाषेतला माझा भूतकाळ खरा तिथेच सुरू झाला, कारण दुपारी घ्यायला गेलं की तिथल्या ताई दिवसभराचं सगळं सांगतात, किती झोपली, काय खाल्लं, कुणाबरोबर खेळली. इथे पोरांना थंडीतही बाहेर बाबागाडीत झोपवतात, त्यामुळे माझा पहिला प्रश्न कायम झोपेचाच.

चांगलं ते आधी सांगते. आपल्याकडे आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले, इथे कुणीही काहीही खाल्लं तरी एकच 'स्पीस्ते'. मी, तू, ते सगळे, काही बदलत नाही. बरीचशी क्रियापदं शेवटी 'एदे' नाहीतर 'ते' लावलं की झालं. उरलेली पाठच करायची, 'गो' (जाणे किंवा चालणे) चं 'गिक', 'फो' (मिळणे) चं 'फिक', आणि रोजच्या बोलण्यात नेमकी तीच सारखी येतात.

उच्चारांनी मात्र रडवलं. 'म्हणाली' कागदावर 'साग्दे' आणि तोंडात नुसतं 'सॅ'. 'खेळली' आणि 'खेळली आहे' यांचे शेवट कानाला जवळजवळ सारखे, कारण तो मऊ द, जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून काढायचा, ना धड द ना धड ल. अशा वेळी आधाराला एकच शब्द, 'खेळली आहे'मधल्या 'आहे'च्या जागी मधे येणारा 'हा' किंवा 'ए'. आणि हे मला फार उशिरा कळलं.

एक दिवस ताई हसत हसत म्हणाल्या, 'हुन हा गोएद!' मी फक्त 'गोएद' पकडलं, म्हणजे गेली, आणि माझ्या पोटात गोळाच आला, कोण घेऊन गेलं हिला? त्यांनी बोटांनी टेबलावर पावलं टाकून दाखवली तेव्हा कळलं, लेक पहिल्यांदा चालली होती. 'हुन हा गोएद' म्हणजे ती चालली, 'हुन ए गोएद' म्हणजे ती निघून गेली. एवढ्याशा अक्षराचा फरक, आणि पहिल्या पावलांची बातमी मी घाबरून ऐकली याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी युक्ती अशी, मराठीत 'तिने' येतं तिथे बहुतेक 'हा', तिने खाल्लं, तिने पाहिलं. जागा किंवा अवस्था बदलली तर 'ए', ती आली, ती पडली, ती मोठी झाली. पण झोपली, हसली याला आपण 'ने' लावत नाही तरी तिकडे 'हा'च, तेवढं लक्षात ठेवा.

वारांचं खूप आवडलं. 'पो मॅन्दा' म्हणजे येत्या सोमवारी, 'ई मॅन्दास' म्हणजे गेल्या सोमवारी, शेवटचा स ऐकला की भूतकाळ. बेकरीत पाव घेतल्यावर विचारतात 'वा दे आनेद?', शब्दशः 'अजून काही होतं का?', आणि उत्तरही 'ते वा ते', एवढंच होतं. मला ते विचित्र वाटलं नाही, आपण नाही का घरातून हाक आली की जागचे न हलता 'आलेच' म्हणत.

या सोमवारी ताईंनी विचारायच्या आधी मीच सांगितलं, शनिवारी आम्ही समुद्रावर गेलो, ही वाळूत पडली, रडली, मग झोपली. पडलीला 'ए' लावलं, झोपलीला 'हा'. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, किती वेळ झोपली?