बेडकांसाठी घरी माश्या वाढवणं: सोलापुरात पावसाळा ते मे

आधीच सांगतो, दिवाळीच्या आसपास हे लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. मे बघितल्यावर चार देतो, आणि तेही कारण मे महिन्यातून माश्यांचे डबे जिवंत बाहेर आले म्हणून. पुण्या-बंगळुरूच्या मंडळींचे व्हिडिओ बघून कुणी सोलापुरात हे सुरू करणार असेल तर त्यांच्या सांगण्यातलं 'रूम टेंपरेचर' आधी डोक्यातून काढा. तिथलं रूम टेंपरेचर आणि आपलं रूम टेंपरेचर यांचा काही संबंध नाही.

माझ्याकडे डार्ट फ्रॉग आहेत, ल्युकोमेलास जातीचे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे. मूळचे व्हेनेझुएला-गयानाकडचे, पण हे पिंजऱ्यातच जन्मलेले. डेन्ड्रोबेट्सची, म्हणजे यांच्या कुळातली, सगळी मंडळी साइट्सच्या (CITES, वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये येतात, त्यामुळे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेली आहे. तुम्हीही करा. विषारी का, हा प्रश्न सगळेच विचारतात. जंगलात ते ज्या मुंग्या आणि माइट्स (कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव) खातात त्यांच्यातून विष अंगात साठतं. घरी माश्यांवर वाढलेल्यांत ते नसतं. तोंड एवढंसं, म्हणून दुकानातले मोठे क्रिकेट, म्हणजे रातकिडे, चालत नाहीत. रोज लागतात बारीक, चालत्या-फिरत्या, पण न उडणाऱ्या माश्या. मेलेल्या माशीकडे हे बेडूक ढुंकूनही बघत नाहीत.

केळ्यावर घोंगावतात तीच ही ड्रॉसोफिला. माझ्या मावसभावाची मोहोळकडे डाळिंब आणि पेरूची बाग आहे. तो डबा बघून चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "आमच्या पेरूला डंख मारती तीच का रे ही?" ती वेगळी, आकारानं कितीतरी मोठी, आणि ती धडधाकट फळात अंडी घालते. ही आंबलेल्या फळावरचं यीस्ट खाते. हे पटेपर्यंत त्यानं चहा घेतला नाही.

आता मुद्द्याचं. विकत मिळणाऱ्या मेलॅनोगॅस्टरमध्ये, म्हणजे ड्रॉसोफिलाच्या नेहमीच्या छोट्या जातीत, दोन प्रकार येतात. एक बिनपंखी, दुसरी आखूड पंखांची, जिला व्हेस्टिजिअल म्हणतात. विकणारे दोन्ही 'न उडणारी' म्हणूनच देतात आणि थंड गावात त्यानं काही बिघडत नाही. पण व्हेस्टिजिअलचा गुण तापमानावर अवलंबून आहे. अळ्या 25 अंशांच्या आसपास वाढल्या तर पंखांचे नुसते खुंट येतात. 30-31 अंशांत वाढल्या तर पंख चांगलेच लांब येतात. माझ्या मार्चच्या पिढीत हे डोळ्यांनी बघितलं. भिंगाखाली एकाच डब्यात काहींना खुंट, काहींना चुरगळलेले अर्धे पंख, आणि दोन-चार अशा की टिचकी मारली की गिरकी घेत झाकणापर्यंत जायच्या. अनुवंश बदललेला नसतो, पुढची पिढी गारव्यात वाढवली की पुन्हा खुंट. तरी घरात माश्या सुटायच्या त्या सुटतातच. सोलापूर, विजापूर, लातूर या पट्ट्यात राहत असाल तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा आणि बिनपंखीच घ्या. मी आता तीच ठेवतो.

उन्हाचा दुसरा फटका जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. 30 अंशांच्या आसपास सतत राहिले की नर नापीक होतात. डबा भरलेला दिसतो, माश्या धावताना दिसतात, अंडीही दिसतात, पण अळ्या नाहीत. शिवाय भरलेला डबा आतून आंबण्याच्या क्रियेनं खोलीपेक्षा काही अंश गरम असतो. म्हणजे भिंतीवरच्या थर्मामीटरवर 29 दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नये. गारव्यात आणल्यावर काही दिवसांनी नर परत ताळ्यावर येतात, पण तेवढ्यात एक पिढी हातची जाते आणि बेडूक काही पिढीभर थांबत नाहीत.

यावर जे चाललं ते अगदी गावठी आहे. मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत छोटी मातीची कुंडी, तिच्यात डबे, वर ओलं सुती कापड. इथली हवा एप्रिल-मेत इतकी कोरडी असते की बाहेर 42 असताना आत 27-28 मिळतं, मात्र वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायलाच हवं. वळवाचा पाऊस झाला की हवा दमट होते आणि हा खेळ निम्म्यानं उतरतो. तेव्हासाठी दोन राखीव डबे बेडकांच्या खोलीत ठेवतो, तिथे एसी असतोच. सगळेच तिथे का नाही? कारण त्याच खोलीत वडील झोपतात आणि भरात आलेल्या डब्याला शिळ्या ताडीसारखा वास येतो.

खाद्यासाठी तयार पावडरची पाकिटं मिळतात. एकदा आणलं, चाललं, पण किमतीच्या मानानं काही विशेष नाही. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षं रवा-गुळाचं मीडियम वापरतात आणि घरी तेच सगळ्यात सोपं पडतं. एक लीटर पाण्याला 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम रवा, 8-10 ग्रॅम अगर, म्हणजे किराणा दुकानात मिळतो तो चायना ग्रास. तो आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचा, मग गूळ, मग हलवत हलवत रवा. प्रयोगशाळेत बुरशीसाठी प्रोपिऑनिक अ‍ॅसिड घालतात. मी गॅस बंद करून थोडं निवल्यावर व्हिनेगर घालतो. डब्यात बोटभर जाडीचा थर, पूर्ण गार झाल्यावर वरून बेकरीचं कोरडं यीस्ट चिमूटभर, आणि चढायला अंड्याच्या ट्रेचे पुठ्ठे. एका डब्याला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. ज्वारीचं पीठही घालून बघितलं, घरात मुबलक म्हणून. माश्यांची तक्रार नव्हती, पण मीडियम लवकर पातळ होतं आणि टिचकी मारताना माश्यांबरोबर चिखलही खाली येतो.

झाकणाला कापड लावताना विणीकडे बघा. साध्या मलमलीतून ही माशी सहज निघते. कापडाला आपल्या गावात काय तोटा! घट्ट विणीच्या मांजरपाटाचे तुकडे लूमवाल्या मित्राकडून फुकट आणले, झाकणाला भोक पाडून गरम गोंदानं चिकटवले. हवा जाते, माशी जात नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, बाहेरची आत येत नाही. बिनपंखी असणं हा अप्रभावी गुण आहे. एक रानटी नर आत शिरला की त्याची सगळी पिल्लं पंखवाली निघतात. आंब्याच्या दिवसांत स्वयंपाकघरात डबा उघडायचाच नाही. पंखवाली दिसली की तो डबा रात्रभर फ्रीझरमध्ये आणि मग कचऱ्यात. फ्रीझरवरून आमच्या घरी काय बोलणं झालं ते लिहीत नाही. आईचं पहिल्या दिवशीचं वाक्य मात्र लिहितो: "माश्या हाकलायचं सोडून इकत आणलालास व्हय रे?"

25 अंशांत अंड्यापासून माशी व्हायला साधारण 10 दिवस. थंडीत रात्री पारा खाली गेला की याच्या दुप्पटसुद्धा लागतात, म्हणून डिसेंबरात जास्त डबे लावून ठेवतो. दर आठवड्याला नवा डबा आणि महिनाभराचा झाला की जुना बाद, एवढं पाळलं की माइट्सचा त्रास आटोक्यात राहतो. माइट्स रव्यातून येतात आणि विकतच्या कल्चरमधूनही. एका विक्रेत्याच्या डब्याच्या कडेला पहिल्याच दिवशी करडी धूळ हलताना दिसली. फोन केला तर "नॉर्मल आहे सर". नवा डबा लावताना माश्या आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळून झटकल्या की अंगावरचे बरेच माइट्स गळून पडतात. मुंग्यांसाठी डबे साबणाच्या पाण्याच्या परातीत विटेवर ठेवायचे.

पावडर तशीही लागतेच. माशीत कॅल्शियम अगदी कमी असतं, त्यामुळे व्हिटॅमिन डी-3 घातलेलं कॅल्शियम न लावता खायला घालू नये. पेल्यात पावडर, वरून माश्या, दोन हिसके. पांढऱ्या झालेल्या माश्या पानावर सोडल्या की बेडूक मान तिरकी करतो, मागच्या पायाचं लांब बोट टकटक टकटक वाजवतो आणि माशी नाहीशी होते. जीभ मला अजून एकदाही नीट दिसलेली नाही. हे बघायला शेजारची पोरं रोज संध्याकाळी हजर असतात.

ड्रॉसोफिलाचीच हायडी नावाची मोठी जातही ठेवून बघितली. बेडकांना आवडते, पण एका पिढीला तीन-चार आठवडे घेते. तिच्या नराचा शुक्राणू 23 मिलिमीटर लांब असतो, म्हणजे माशीच्या कितीतरी पट, आणि तो बनवायचा म्हणून नर वयातही उशिरा येतो. उन्हाळ्यात एवढी वाट बघणं परवडत नाही. तिचा डबा मी मार्चमध्ये बंद केला, मृगाचा पाऊस पडला की पुन्हा लावेन.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी जुलै किंवा ऑक्टोबरअखेर धरावी. एप्रिल-मेत पार्सलनं माश्या मागवू नका. दुपारभर गोदामात पडलेल्या खोक्यातून जे हातात येतं त्याचे पैसे कुणी परत देत नाही.